चोवीस चकत्या

१

नागपूरहून आलेल्या पत्रात शिव्या नव्हत्या, हीच पंचाईत होती. शिव्या असत्या तर भद्रावतीच्या कुंभारकाम केंद्राचे प्रमुख दादाजी वाढई यांनी फोन करून दोन शिव्या परत केल्या असत्या आणि डबा उघडून जेवायला बसले असते. पण प्रयोगांना परवानगी आणि पैसा देणाऱ्या समितीचं पत्र सभ्य होतं. चांदीच्या म्हणून पाठवलेल्या चकत्यांभोवती जंतू खुशाल वाढले, साध्या चकत्यांत आणि त्यांच्यात काडीचा फरक नाही, असं त्यात म्हटलं होतं. गेल्या वर्षीचे निकाल कशाच्या आधारावर दाखवले, याचा खुलासा शुक्रवारपर्यंत हवा होता. नाहीतर काम बंद, आणि संशोधिकेवर कारवाई.

संशोधिका समोरच बसली होती. निशात, वय अठ्ठावीस, चंद्रपूरची. तिने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

तिसऱ्या खुर्चीवर गुणवंतराव नन्नावरे बसले होते. एकतीस वर्षं आरोग्य खात्यात, त्यातली बावीस गडचिरोलीच्या जंगलातल्या विहिरींत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकण्यात गेलेली. एकदा एका गावात हगवण लागली आणि सगळं गाव विहिरीला दोष देत बसलं, तेव्हा यांनी लग्नाच्या पंगतीतलं मठ्ठ्याचं पिंप शोधून काढलं होतं. तेव्हापासून कोणाची कोंबडी हरवली तरी लोक त्यांनाच बोलावू लागले. निवृत्तीनंतर ते भद्रावतीत राहत, आणि खरं सांगायचं तर कोंबड्या हरवायची वाट पाहत.

"गुणवंतभाऊ, तुमीच पाहा आता," दादाजी म्हणाले. "पोलिसात गेलो तं केंद्राची अब्रू जाते, नाई गेलो तं पोरीची जाते."

भद्रावतीहून माजरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे केंद्र होतं. पूर्वी इथे नुसते माठ आणि कौलं व्हायची. चार वर्षांपूर्वी विजेची भट्टी आली आणि पाठोपाठ निशात आली. हाडात जे द्रव्य असतं तेच भाजून ती रुपयाएवढ्या, बारीक छिद्रांच्या चकत्या करायची. हाडाच्या खळगीत अशी चकती बसवली की नवं हाड त्या छिद्रांतून वाढत जातं. पण खळगीत पू करणारे जंतू असले तर सगळं मुसळ केरात. म्हणून निशात चकतीत चांदीचा अंश घालायची, कारण चांदीपुढे जंतूंचं काही चालत नाही. हे वेड तिला तिच्या भावापायी लागलं होतं. फैजची नडगी माजरीच्या रस्त्यावर ट्रकखाली मोडली, हाडात पू झाला, आणि दोन वर्षं झाली तरी जखम वाहतच होती.

"अजून माणसाला काही लावायचं नाही," ती म्हणाली. "आधी शेळ्यांवर प्रयोग. त्याचीच परवानगी मिळणार होती, भाऊ."

नागपूरने चाचणीसाठी बारा चकत्या वापरून उरलेल्या बारा परत धाडल्या होत्या. गुणवंतरावांनी डब्याचा लाल दोरा सोडला. आत पांढऱ्याशुभ्र चकत्या होत्या. निशात एकदम उभी राहिली.

"या माझ्या नाहीत!"

२

"काऊन बा? नाव लिवलं असते का त्याच्यावर?" दादाजींनी विचारलं.

"ऊन दाखवा," निशात म्हणाली. "चांदीच्या चकतीला ऊन लागलं की ती काळवंडते. भट्टीतून निघते तेव्हा अगदी साधीसारखीच पांढरी असते, पण ऊन तिला सहन होत नाही. म्हणून मी त्या निवल्याबरोबर काळ्या कागदात गुंडाळते."

गुणवंतरावांनी एक चकती ओली करून खिडकीत ठेवली. चंद्रपूरचं एप्रिलचं ऊन. त्यात माणूसही काळवंडतो. तोवर ते तहान भागवायला बाहेर कडुनिंबाखाली गेले. तिथे दोन रांजण होते. एक पिण्याचा, एक हातपाय धुण्याचा. पाणी प्यायल्यावर सवयीने त्यांनी आत बोट फिरवलं. रांजण, विहीर, टाकी, काहीही दिसलं की त्यांचं बोट आत जायचंच. त्यावरून बायको त्यांना आयुष्यभर टोचत आली होती. पाय धुताना दुसऱ्या रांजणातही फिरवलं. ते हिरवंगार होऊन बाहेर आलं.

"हा कधी घासला होता रे?" त्यांनी तिथेच चाकाशी बसलेल्या लटारूला विचारलं.

"दोनी रांजण होळीलेच घासले होते जी," लटारू मान वर न करता म्हणाला. साठीचा, जन्माने कुंभार, केंद्र उभं राहिलं त्या दिवसापासूनचा माणूस.

तीन तासांनी चकती पाहिली. दुधासारखी पांढरी.

"पाहा!" निशात म्हणाली. "हिच्यात चांदी नाहीच."

आणि बोलता बोलता तिचा चेहरा उतरला, कारण नागपूरचं म्हणणं तेच होतं. चांदी नाही. म्हणजे हिने घातलीच नाही. तिने आपल्या हातांनी आपल्याविरुद्धचा पुरावा उभा केला होता.

दादाजी चष्मा पुसत बसले. "लोक आधीच बोलून राह्यले, बाई. तुमचे बाबा चांदीचंच काम करतात म्हणतात. चांदी घरी गेली म्हणतात."

निशातच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून गुणवंतरावांना दादाजींचा असा राग आला की मधुमेह विसरून त्यांनी टेबलावरचा दोन चमचे साखरेचा चहा एका दमात पिऊन टाकला.

"भट्टी उघडा," ते म्हणाले.

३

भट्टीत एकावर एक दोन फरश्या होत्या. वरच्या फरशीवर साध्या चकत्या भाजल्या होत्या, खालच्या फरशीवर चांदीच्या. वरची कोरी होती. खालच्या फरशीवर रुपयाएवढे पिवळट-करडे डाग होते, चार ओळी, ओळीत सहा.

"ही फरशी कधीची?"

"मार्चमधली. नवी घातली आणि तीच एक भाजणी झाली," निशात म्हणाली, आणि मग तिला कळलं. "चांदीचे डाग आहेत हे, भाऊ!"

"सहा चोक चोवीस," गुणवंतराव म्हणाले. "चांदी भट्टीत गेली होती. तुम्हीही सुटलात आणि तुमचे बाबाही सुटले, निदान इथपर्यंत. जे झालं ते भट्टी उघडल्यावर झालं. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

ती नागपूरला होती. फैजचं तिसरं ऑपरेशन अचानक ठरलं होतं. शनिवारी सकाळी अब्बा केंद्रावर आले, तिची पिशवी उचलली आणि दोघं धावतपळत निघाले. जाताना ती लटारूला म्हणाली, भट्टी निवली की खालच्या चकत्या लाल दोऱ्याच्या डब्यात ठेवा. सोमवारी ज्योत्स्नाने पार्सल केलं.

"आणि काळा कागद?"

"ते सांगायचं राहिलं," निशात हळूच म्हणाली. "दरवेळी मीच काढते ना."

ज्योत्स्ना बोरकर चंद्रपूरच्या कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायची. तबकडीत जंतू पेरून त्यात चकती ठेवायची, आणि चकतीभोवती जंतू न वाढलेलं मोकळं कडं किती रुंद पडतं ते मोजायचं, हे तिचं काम. निबंधावर कोणाचं नाव आधी यावर तिचं आणि निशातचं फेब्रुवारीत वाजलं होतं, आणि सगळ्या केंद्राने ते भिंतीला कान लावून ऐकलं होतं.

"हो, भांडलो," ती गुणवंतरावांना फटकन म्हणाली. "पण तिचं नाव बुडालं की माझंही बुडते, ते कडे मी मोजले होते. मी डबा उघडला, चोवीस मोजल्या, बंद केला. पांढऱ्या होत्या. मला वाटलं, भट्टीतून निघाल्या तशाच आहेत."

"वेगळं काही?"

तिने अंगठा बोटांवर घासून पाहिला. "बोटाले राख नाही लागली. ताज्या चकतीची लागते. या धुतल्यासारख्या होत्या."

भट्टीच्या खोलीत काचेची एक बरणी होती. पूर्वीच्या भाजणीतल्या जादा साध्या चकत्या त्यात धुऊन ठेवलेल्या असत. निशातच्या वहीप्रमाणे साठ. गुणवंतरावांनी मोजल्या. छत्तीस भरल्या.

म्हणजे चोवीस बरणीतून डब्यात गेल्या होत्या, याच खोलीत, शनिवार ते सोमवारच्या मध्ये. पण चांदीच्या चोवीस कुठे गेल्या?

लटारूने विचारलं तेवढं सांगितलं. "निवल्यावर काढले जी. चोवीस होते. डब्यात चोवीस ठेवले." त्याचे हात चाकावरच्या मातीत होते, आणि चाक केव्हाचं थांबलेलं होतं.

४

निशातचे अब्बा गफ्फारभाई यांचं दुकान चंद्रपूरच्या बाजारात, दोन माणसं बसली तर तिसऱ्याने उभं राहावं एवढं. तुटलेले पैंजण डाग देऊन जोडणं, काळवंडलेली चांदी उजळून देणं हा धंदा. गुणवंतरावांना पाहताच त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

"तुमी पण शक करून राह्यले का जी माह्यावर?"

"विचारायला आलो, भाई. शक असता तर दादाजींना पाठवलं असतं."

गफ्फारभाई थोडे हसले. मग म्हणाले, "चोवीस टिकल्यातली सारी चांदी काढली, तं एक पैंजणाचा घुंगरू नाई होत. तेवढ्यासाठी मी पोरीचं नाव डुबवीन? रातदिन एक केले तिनं, फैजच्या पायापायी. डॉक्टर म्हणते, अजून एकदा पाहू, नाई तं पाय कापू."

चांदीच्या मोलासाठी हे कोणी केलेलं नाही, एवढं गुणवंतरावांनी मनात पक्कं केलं. मग कशासाठी? वडशाकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांचे ते जुने शौकीन. तिथे खलनायक पहिल्या अंकातच मिशी पिळतो, प्रेक्षकांची गैरसोय होत नाही. इथे एकालाही मिशी नव्हती.

तेवढ्यात एक म्हातारी आली आणि तिने पदराची गाठ सोडून काळाकुट्ट जुना रुपया पुढे केला. गफ्फारभाईंनी तो न विचारताच उजळायच्या डबीत टाकला.

"हा कशाने काळा झाला?"

"माठातला हाय ना जी," म्हातारीच म्हणाली. "सासूनं टाकला होता. चांदीचा रुपया असला का पानी नासत नाई."

"आमच्याकडे अर्धे गिऱ्हाईक हेच," गफ्फारभाई म्हणाले. "गावचे लोक चांदी फेकत नाहीत जी. काळी पडली, तुटली, तरी पाण्यात टाकतात."

गुणवंतराव उठले ते तडक बस स्टँडवर. छत्री दुकानातच राहिली. बसमध्ये ते सारखे आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत होते. दोन रांजण, एकाच झाडाखाली, एकाच दिवशी घासलेले. एकाने बोट हिरवं केलं होतं. आणि दुसऱ्याने?

५

गुरुवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना कडुनिंबाखाली बोलावलं. दादाजी, निशात, ज्योत्स्ना, छत्री परत करायला आलेले गफ्फारभाई. लटारू आपल्या चाकाशीच बसला.

"चांदी भट्टीत गेली, हे फरशी सांगते," गुणवंतराव म्हणाले. "खोट्या चकत्या बरणीतल्या, हे वही सांगते. चांदी विकायला कोणी चोरली नाही, कारण तिच्यात घुंगरूही होत नाही. निशातबाईंचं वाईट करायचं म्हणून कोणी चोरली असती, तर त्याने त्या नाल्यात फेकल्या असत्या. पण नेणाऱ्याला त्या फेकवल्या नाहीत."

त्यांनी बाही वर केली. "हातपाय धुण्याच्या रांजणात बोटभर शेवाळ आहे. पिण्याचा रांजण त्याच दिवशी घासला, त्याच उन्हात आहे, आणि आतून नव्या कपबशीसारखा. एकतीस वर्षं मी पाण्यात बोटं घातली, दादाजी. औषध टाकल्याशिवाय एप्रिलमध्ये असा रांजण राहत नाही."

आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात रांजणात घातला. तळाशी चाचपडून फडक्याची एक पुरचुंडी वर काढली. ती सोडली तेव्हा ओंजळभर काळ्या-करड्या चकत्या उन्हात ओल्या चमकल्या. चोवीस.

गुणवंतराव लटारूकडे वळले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लटारूभाऊ, तुम्ही खोटं एक अक्षर बोलला नाहीत. चोवीस काढल्या आणि चोवीस ठेवल्या. मधलं मी विचारलंच नाही. आता विचारतो."

लटारू उठून उभा राहिला. मातीचे हात जोडले.

"राख लागली होती जी, म्हनून धुतले. धुतलं तं वाळवाव लागते, म्हनून सुपात उन्हात ठेवले. दिवसभर. सांजच्यान पाहतो तं सारे काळे! मले वाटलं, माह्या हातानं बिघडले." त्याने निशातकडे पाहिलं. "आमच्यात डागाचं मडकं आजाऱ्याच्या घरी देत नाईत, बाई. माह्या बापानं कदी नाई देल्लं. अन् हे तं मानसाच्या हाडात बसवाचं! बरनीतले पांढरेशिप्पट होते, मले वाटलं तेच हायेत. ते ठेवून देल्ले."

"आणि या?"

"चांदी घातलेली तुमी मले सांगतली होती. चांदी का मातीत फेकाची हाय जी? माह्यी माय माठात रुपया टाके. म्हनून टाकले रांजणात, सारे पितीन म्हनून."

"मग बोलले काऊन नाई इतके दिवस?" दादाजी ओरडले.

"चांदी चोरली म्हनून राह्यले होते सारे. चांदी तं माह्या रांजणात. माह्यी दातखीळच बसली, साहेब." मग तो निशातकडे वळला. "बाई, तुमचं नाव खराब होऊन राह्यलं, मले झोप नाई. मारा मले."

निशात त्याच्याजवळ गेली आणि त्याचे मातीचे हात आपल्या हातांत धरले. ती रडत होती आणि हसतही होती. "चूक माझी, लटारूभाऊ. या काळ्या होतात हे मी तुम्हाला चार वर्षांत एकदा सांगितलं नाही. बिघडल्या नाहीत या."

"एक मिनिट," ज्योत्स्ना म्हणाली. तिची नजर चकत्यांवर खिळली होती. "या किती दिवस पाण्यात होत्या?"

"चोवीस दिवस," गुणवंतराव म्हणाले.

"कोणी हात लावू नका! त्यांतल्या दोन मला द्या." आणि ती बसची वाट न पाहता दादाजींनाच घेऊन त्यांच्या स्कूटरवरून चंद्रपूरला गेली.

६

शुक्रवारी दुपारी ज्योत्स्ना दोन झाकलेल्या तबकड्या मांडीवर घेऊन परत आली. रात्रभर जंतूंनी दोन्ही तबकड्या दाट भरून टाकल्या होत्या. पण मधोमध प्रत्येक काळ्या चकतीभोवती स्वच्छ, मोकळं कडं होतं.

"समितीने गेल्या वर्षी विचारलं होतं," ती निशातला म्हणाली, "ही चांदी पहिल्याच दिवशी धुऊन गेली तर? तेव्हा आपल्याकडे उत्तर नव्हतं. चोवीस दिवस पाण्यात राहून कडं पडलं आहे, निशात. हा प्रयोग आपल्याला सुचलाच नसता."

दादाजींनी समितीला फोन फिरवला. तिकडचे साहेब फरशी, वही, शेवाळ, सगळं शांतपणे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, चकत्या, तबकड्या आणि ती फरशी पाठवा. कारवाईचं पत्र आम्ही मागे घेतो. दादाजींना इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर त्यांनी नागपूरला त्या दोन शिव्या देऊनच टाकल्या.

खुलासा निशातने रात्री बसून लिहिला. त्यात तिने स्वतःची चूक लिहिली, आणि निबंधावर ज्योत्स्नाचं नाव आधी घातलं. शेवटी आभारात लिहिलं की पाण्यातली दीर्घ चाचणी लटारू यांच्या हातून झाली. लटारूला ते वाचून दाखवल्यावर त्याने आधी हात पुसले. मग म्हणाला, "म्हंजे मी नाई बिघडवले?" तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा निशातने नाही म्हटलं.

पुढच्या आठवड्यात पार्सल निघालं त्या दिवशी गुणवंतराव केंद्रावर हजर होते. काम काही नव्हतं, सवय म्हणून. फैजचं चौथं ऑपरेशन बरं झालं होतं, पाय निदान यावेळी तरी वाचला होता. त्याच्या नडगीला या चकतीचा उपयोग कधी होईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेळ्या मात्र ठरल्या होत्या.

निशातने काळ्या कागदावर चकत्या मोजल्या. लटारू शेजारी उभा होता. "वीस, एकवीस, आणि तबकड्यांतल्या दोन, तेवीस," ती म्हणाली आणि कागद मिटला. लटारूने पुडी डब्यात ठेवून लाल दोरा बांधला.

गुणवंतरावांनी ऐकलं. तेवीस. तोंड उघडलं, पण दोघांचेही चेहरे इतके साळसूद होते की ते काही न बोलता बाहेर आले. कडुनिंबाखाली हातपाय धुण्याच्या रांजणापाशी थांबले. आठ दिवसांमागे कोणीतरी तो लख्ख घासला होता. त्यांनी सवयीने आत बोट फिरवलं आणि उन्हात धरून पाहिलं.

बोट स्वच्छ होतं. त्यांनी ते धोतराला पुसलं, रांजणावर झाकण नीट बसवलं, आणि दादाजींनी आतून "भाऊ, सारं बरोबर हाय ना?" असं विचारल्यावर मोठ्याने ओरडून सांगितलं, "सगळं बरोबर आहे, दादाजी. पाठवा."